शिंगाची हासळी

डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा तोच लाकडी हार गळ्याशी धरला आणि तिसऱ्यांदा थोरलीने नाक मुरडलं. गिऱ्हाईकाच्या तोंडावर नाक मुरडणारी दुकानदारीण त्या साऱ्या गल्लीत ती एकटीच. तरी लोक तिच्याकडेच येत, कारण तिने हो म्हटलेला दागिना अंगावर कधी उपरा वाटत नसे. हा हार नदीत वाहून आलेल्या मुळाचा होता, वेडेवाकडे वळसे तसेच ठेवून कोरलेला, चांगला वीतभर रुंद. बाईंची मान आखूड. एवढं मूळ गळ्यात घातलंत तर लोक मुळाशी बोलतील, तुमच्याशी नाही, असं थोरलीने त्यांना सरळ सांगितलं. बाईंना हसू आलं. मग तिने त्यांच्या गळ्यात काळ्या बियांची एक माळ घातली, मधोमध शिंपल्याचं एकच मोठं वाकडं पान. बाई आपोआप ताठ उभ्या राहिल्या.

त्यानंतर नेहमीचं प्रवचन. पाणी लावायचं नाही. अत्तर आधी, दागिना नंतर. काढल्यावर मऊ कापडाने पुसायचा, तळहातावर तेलाचा थेंब घेऊन जिरेपर्यंत चोळायचा.

"आणि कपाटात ठेवून द्यायचा असेल तर नेऊच नका," थोरली म्हणाली. "हे सोनं नाही. घातलं नाही की वाळतं, तडकतं. याला माणूस लागतं."

"मग ती?" बाईंनी मागच्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "ती तर कधीच कुणाच्या गळ्यात दिसली नाही."

कपाटात, कापसाच्या गादीवर, काळ्या शिंगाची हासळी होती. कागदासारखं पातळ तासलेलं शिंग, गळ्याभोवती फिरून पुढे दोन पाकळ्यांसारखं उघडणारं. ती विकायची नाही, थोरली म्हणाली. पण बाईंनी इतक्या मायेने विचारलं होतं की निदान दाखवावी म्हणून तिने कपाट उघडलं, हासळी उचलली आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

हासळी गरम होती. आत्ता कुणीतरी गळ्यातून काढून ठेवावी तशी.

दुपारचं दुकान नुकतंच उघडलेलं. कपाटावर ऊन येत नव्हतं, जवळ दिवा नव्हता, दुकानात त्या दोघींशिवाय कुणी नव्हतं. थोरलीने हासळी परत गादीवर ठेवली. बाई गेल्यावर ती बराच वेळ हात तसाच पुढे धरून बसली, ऊब जाऊ नये म्हणून.

थोरलीला गल्लीभर थोरली म्हणत, कारण एके काळी तिथे धाकटीही होती. थोरली पुढे गिऱ्हाईक बघायची, धाकटी मागच्या खोलीत लाकूड, शिंग, करवंट्या कोरत बसायची. एकीची जीभ चालायची आणि दुसरीची कानस, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. मग धाकटीला ताप आला, तो छातीत उतरला आणि आठवड्याच्या आत ती गेली. मागे उरली बोबडं बोलणारी एक मुलगी. बाप आधीपासूनच नव्हता. पावलांचा आवाज न करता घरभर फिरायची म्हणून थोरलीने तिचं नाव मनी ठेवलं होतं, ती आता कॉलेजात जायची इतकी मोठी झाली तरी मनीच राहिली.

हासळी हे धाकटीचं शेवटचं काम. शिंग गरम तेलात मऊ करून वळवतात, आणि धाकटीची रीत अशी, की ते पुरतं निवायच्या आधी स्वतःच्या गळ्याला दाबून धरायचं. मान लाल व्हायची. थोरली ओरडायची, वेडी आहेस का म्हणून, आणि धाकटी म्हणायची की पुतळ्याच्या गळ्यावर वळवलेला दागिना पुतळ्यालाच शोभेल. लहानपणी भिंतीवरून पडून तिच्या डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, ते वाकडं जुळलं. हासळी त्या बाजूला तशीच वाकलेली होती. म्हणून सपाट जागेवर ठेवली की ती डुगडुगायची. दरवर्षी, धाकटी गेली त्या दिवशी, थोरली ती मागच्या खोलीत नेऊन धाकटीच्या मेजावर ठेवायची. टक, टक असे दोन आवाज व्हायचे आणि हासळी थांबायची. तेवढ्यासाठी थोरली वर्षभर थांबायची.

एरवी ती डोळ्यांत तेल घालून हासळी जपायची. दर सुट्टीला मांडीवर घेऊन चोळायची. पण नुसतं तेल पुरत नव्हतं. आदल्या हिवाळ्यात शिंगावर पांढरट चट्टे उठले, आणि त्याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. घातली नाही तर हासळी तडकणार. घातली तर पातळ शिंग अंगाच्या उबेने, घामाने हळूहळू घालणाऱ्याच्या गळ्यावर बसणार आणि धाकटीचा गळा पुसला जाणार. रोज सकाळी ती कपाटासमोर उभी राहायची, हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. जगाला शहाणपण शिकवणारी बाई या एका ठिकाणी पार गळपटली होती.

आणि मग चट्टे आपसूक गेले. शिंगाला पूर्वीची काळीभोर चमक आली. तेल लागू पडलं असं तिला वाटलं होतं. ती ऊब हाताला लागली त्या दिवशी मात्र तिच्या मनाने दुसराच विचार धरला, आणि तो सोडेचना. धाकटी येते. येते आणि घालून बसते.

आपलं डोकं फिरलंय हे तिला कळत होतं. पण तिला भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. तिने मागच्या खोलीतली जळमटं काढली, स्टूल पुसलं, कानस हाताशी ठेवली. दुपारी जेवून वर झोपायला जाताना ती त्या खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवू लागली. उतरून आली की आधी हासळीला हात लावायची. कधी गार असायची, कधी कोमट. कोमट असली की तिचा दिवस सोन्याचा जायचा. मनीजवळ ती यातलं अवाक्षर बोलली नाही. मनीने तिला सरळ दवाखान्यात नेलं असतं.

एका दुपारी ती चष्मा विसरली म्हणून अर्ध्या झोपेतून खाली आली. मागच्या खोलीतून खर्र खर्र आवाज येत होता. दारातून तिला स्टुलावर पाठमोरं बसलेलं कुणीतरी दिसलं. केस वर बांधलेले, डोकं कामावर झुकलेलं, उघड्या मानेवर काळी हासळी, हातात कानस.

इतक्या वर्षांत काय काय बोलायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"धाकटे," ती म्हणाली, "जेवलीस का गं?"

कानस थांबली. मान लगेच वळली नाही. मग फार हळू आवाज आला, "मी आहे, मावशी."

थोरलीने दाराची चौकट धरली, आणि मग तिला राग आला, असा की मनीने आयुष्यात कधी पाहिला नव्हता. तिने हासळी काढायला लावली, हिसकावून घेतली आणि मेजावर ठेवली.

हासळी डुगडुगली नाही. थोरलीने डावीकडे बोटाने दाबून पाहिलं, उजवीकडे दाबून पाहिलं. चारी बाजूंनी मेजाला टेकून ती मुकाट बसून राहिली.

"काय केलंस हे?" तिचा आवाज फाटला. "तिचा एवढाच गळा उरला होता माझ्याकडे."

मनी रडली नाही. ती मेजाकडे बघत बोलत राहिली. "तुझ्याकडे ती अख्खी आहे गं. मला फोटोतला चेहरा तेवढा आठवतो. हिवाळ्यात एकदा गंमत म्हणून घातली, तर इथे टोचली. तिचं हाड मोडलेलं ना, बरोब्बर तिथे. मला वाटलं, आई. मग तू झोपलीस की रोज घालायला लागले. रोज त्याच जागी टोचायची. आता टोचत नाही. खूप वाट बघितली. म्हणून या तुकड्यावर हात बसवून बघत होते, परत तशी करता येते का ते."

तिच्या मांडीवर शिंगाचा एक टवका होता, तासून तासून वेडावाकडा झालेला. थोरलीने तो पाहिला आणि मग मात्र तिला आवरेना. ती स्टुलाशेजारी खाली बसली आणि हमसून हमसून रडली, धाकटी गेली तेव्हाही रडली नव्हती इतकी. तेव्हा मांडीवर पोर होतं, रडायला सवड नव्हती. आता तेच पोर तिच्या पाठीवरून हात फिरवत होतं, आणि थोरलीला कळत होतं की दुपारी येणारी धाकटी आता येणार नाही. हासळीत नाही, या खोलीतही नाही.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, हासळी उचलली, आणि इतकी वर्षं जे केलं नव्हतं ते केलं. गळ्यात घातली. मानेच्या उजव्या बाजूला, कानाखाली, शिंगाची कड रुतली. मनीची मान लांब, ताठ, थोरलीची आखूड आणि वय झालेली.

"टोचते?" मनीने विचारलं.

"टोचते. आता काही दिवस मीच घालते. माझ्या गळ्यावर बसली की तुला टोचायला लागेल. मग तू घाल."

"आणि आई?"

मेजावरची कानस थोरलीने जागेवर ठेवली, मनीच्या मांडीवरचा टवका मात्र तसाच राहू दिला आणि दुकान उघडायला पुढे गेली.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाई माळेचा दोरा बदलून घ्यायला आल्या. थोरलीच्या गळ्याकडे बघून दारातच थांबल्या. अखेर काढलीत म्हणायची कपाटातून, त्या म्हणाल्या, आणि किती छान बसलीय.

"बसली कुठे," थोरली म्हणाली, "अजून टोचतेय." आणि कानाखालच्या लाल वळावरून एकदा बोट फिरवून तिने दोऱ्याचं रीळ हातात घेतलं.