पाच चुका माफ

दोन अक्षरांमधली मोकळी जागा तीन टिंबांएवढी असावी, असा मोर्सच्या तारभाषेचा नियम आहे. सरावासाठी संदेश ठोकणाऱ्या सुमितच्या हातून ती पाच टिंबांएवढी पडत होती. राजश्रीच्या ते पहिल्याच ओळीत ध्यानात आलं. हात जड होता म्हणून नव्हे. त्याचा हात आता चांगला बसला होता. बायकोला ओळखायला थोडी जास्त सवड मिळावी म्हणून तो प्रत्येक अक्षरानंतर थबकत होता. परीक्षेत असं कुणी थबकणार नाही हे त्यालाही कळत होतं, तरी थबकत होता. त्या जास्तीच्या दोन टिंबांत राजश्रीला जीव नकोसा होऊन जायचा.

तिनं सगळी अक्षरं बरोबर ऐकली आणि त्यातली सात चुकीची लिहिली. ‘बी’च्या जागी ‘डी’, ‘यू’च्या जागी ‘व्ही’. कुठलाही नवखा करील अशा चुका.

“सात,” सुमितनं कागद तपासून सांगितलं. “मागच्या वेळी नऊ होत्या. येतंय की! पाच माफ असतात. दोनच तर कमी करायच्यात.”

“बघू या,” ती म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

राजश्री शिरूरच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. सुमित सणसवाडीच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपला सुपरवायझर होता. त्यानं आणि हृतिक नावाच्या त्याच्या मित्रानं मिळून मालवणला एक जुनी शिडाची बोट घेतली होती आणि सुट्ट्या खर्ची घालून ती पाण्याजोगी केली होती. बेत लक्षद्वीपचा होता. किनारा सुटला की मोबाइल मुका होतो, आणि सॅटेलाइट फोन आपल्याकडे कुणालाही सहजी बाळगता येत नाही. तेव्हा, “मग हॅम रेडिओ घ्या ना,” असं राजश्रीनंच सुचवलं होतं. हौशी लोकांच्या या बिनतारी संचाची शॉर्टवेव्ह लहर आकाशात जाऊन वातावरणाच्या विद्युतभारित थरावरून कशी परतते आणि हजार किलोमीटरवर कशी उतरते, ते तिनं नवऱ्याला ताटात भाताचा ढीग करून दाखवलं होतं. त्या लांबच्या पल्ल्यासाठी वरच्या दर्जाचा परवाना हवा, आणि त्यासाठी मोर्स आलं पाहिजे. प्रेसच्या धडाक्यानं सुमितचे कान अधू झालेले; बारीक सूर त्याला ऐकूच यायचा नाही. दिव्याच्या उघडझापीवर नजर ठेवून तो संदेश पाठवू शकायचा, पण परीक्षेत लागतो तसा कानानं घेऊ शकायचा नाही. म्हणून परवाना राजश्रीनं काढायचा ठरलं. लेखी पेपर तिनं सहज काढला. तिलाच हौस होती तेव्हा.

मग एकदा बोट चाचणीसाठी बाहेर काढली. किल्ल्याचा तट मागं पडला, मग माडांची रेघ पुसली गेली, आणि चहूकडं नुसतं पाणी उरलं. ते सारखं हलत होतं. कुठं नजर टेकवायची तेच राजश्रीला कळेना. तिचे हात गार पडले, दातखीळ बसल्यासारखी झाली. परत आल्यावर ती म्हणाली, “पित्त झालं.” हृतिकनं आलेपाक दिला, तो तिनं मुकाट्यानं खाल्ला. त्यानंतर मोर्सच्या परीक्षेला ती मुंबईला दोनदा गेली आणि दोन्ही वेळा नापास होऊन आली.

नाही म्हणायला काय लागतं? सुमित चिडला नसता. पण पहिल्या वेळी तोंडातून शब्द निघाला नाही, आणि मग प्रत्येक महिन्यागणिक तो जड होत गेला. नापास होणं सोपं होतं. नापास झालेल्या माणसाला कुणी कारण विचारत नाही.

फक्त ज्या घरात ती वाढली त्या घरात हे सोपं नव्हतं. दौंडला तिच्या माहेरी कुणाचाही निकाल लागला, की मार्कशीट आधी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं ठेवायची, मग पेढे वाटायचे. आबा, म्हणजे तिचे वडील बन्सी, रेल्वेत हमालीला लागले, नोकरी करता करता मॅट्रिक झाले आणि तारबाबू म्हणून टेबलाशी बसले. त्या घरात लोक नापास झाले होते, पण मुद्दाम कुणी झालं नव्हतं. तेवढी चैन कुणाला परवडलीच नव्हती.

मागच्या आठवड्यात गौतमी नावाची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली होती. बारावीला फिजिक्समध्ये राहिलेली. “मॅडम, तुम्ही रेडिओच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसताय ना? माझी मम्मी म्हणली, मॅडम एवढ्या शिकलेल्या असून लाजत न्हाईत, मग तू का लाजती? म्हणून मी पण परत फॉर्म भरला.”

राजश्रीनं तिला “छान केलंस” म्हटलं आणि हातातली हजेरी उगाच उलटसुलट केली. त्या दिवशी वर्गात तिला फळ्याकडून मुलांकडं वळायचं धैर्य होईना.

दिवाळीच्या सुट्टीत सुमितनंच परस्पर ठरवलं: आठ दिवस दौंडला राहायचं, आबांकडून कान तयार करून घ्यायचा. “आबांसारखा मास्तर घरात असताना आपण मोबाइलच्या ॲपवर शिकतोय!” राजश्री एसटीनं न्हावरा, चौफुला करत माहेरी पोचली. आबा वाटच बघत होते. पुढ्यात पत्र्याचा चिवड्याचा डबा होता. त्याचं फुगीर झाकण दाबलं की टक् वाजायचं, सोडलं की टिक्. जुन्या तारयंत्रावर सूर नसायचा, असेच दोन आवाज असायचे आणि त्यांच्यामधल्या अंतरावरून टिंब की रेघ ते ओळखायचं. तारबाबू लोक फावल्या वेळी असल्या झाकणांवर एकमेकांच्या टवाळ्या करत.

आबा रोज सकाळी तिला बसवत. ती सकाळी सात चुका करी, कधी आठ. “व्हईल,” आबा म्हणत. “मला बी सा म्हैनं लागलं व्हतं.” आई, चांगुणाबाई, तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवी आणि शेजारणीला दारातूनच परत धाडी: “आमची राजू आब्यास करती, मागनं ये.”

रविवारी सुमित तिला न्यायला येणार होता. दुपारी राजश्री स्वयंपाकघरात चहा टाकत होती. आई तिथंच लसूण सोलत बसली होती. ओसरीवर आबा एकटेच झाकणाशी चाळा करत होते. टिकटिक, टकटक, हात सैल सोडून, नोकरीतल्या वेगानं.

“साखर कशाला, आबा?” राजश्री आतूनच हसत म्हणाली. “डॉक्टरांनी बंद केलीय ना? अर्धा चमचासुद्धा मिळायची नाही.”

ओसरीवरचं झाकण थांबलं.

आईनं मान वर केली. “कुनाशी बोलती गं? ते तर काय म्हणलंच न्हाईत.”

राजश्रीच्या हातातला चमचा तसाच राहिला. चहा उतू जाऊन शेगडीवर फसफसला, तेव्हा आईनंच उठून गॅस बंद केला. आबा दारात येऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

“परीक्षेच्या दुपटीनं पाठवलं मी आत्ता,” ते म्हणाले. “तू अर्धा चमचा बी पकडलास. आन् सकाळी तुला ‘बी’ कळंना, ‘डी’ कळंना?”

तिनं उतू गेलेला चहा फडक्यानं पुसायला घेतला.

“मुंबईला बी असंच केलंस?”

तिनं मानेनंच हो म्हटलं. पंचेचाळीस वर्षांची बाई, परीक्षेच्या वर्गात मुलांची कॉपी डोळ्यांवरून ओळखणारी, आणि तिला आपल्या बापाच्या पायांच्या वर नजर नेता येईना.

“अगं पर का?” आई म्हणाली.

“भीती वाटते. समुद्राची.”

“एवढंच व्हय? मला तर भीमेच्या पुलावरनं जाताना बी भ्या वाटतं. मी डोळं झाकून घेती.” आईला हसू आलं, पण आबांकडं बघून तिनं ते गिळलं.

“भ्यायची लाज न्हाई, राजू,” आबा म्हणाले. “आन् मला काय वाटतं ते जाऊ दे. तो प्वॉर तुझ्या भरवशावर बोट बांधून बसलाय. तो आज यील.”

ते परत ओसरीवर गेले. झाकण मात्र पुन्हा वाजलं नाही.

तासाभरानं सुमितची मोटारसायकल दारात थांबली. हेल्मेट काढता काढताच तो बोलायला लागला. “काय आबा, कुठवर आली आमची विद्यार्थिनी?”

“तिलाच इच्यारा,” आबा म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

“अगं, हृतिकचा फोन होता.” सुमित पाण्याचा तांब्या घेऊन राजश्रीसमोर टेकला. “त्याच्या ओळखीची वैष्णवी म्हणून एक मुलगी आहे मालवणला. तिच्याकडं परवाना आहे, वरच्या दर्जाचा. यायला एका पायावर तयार. हृतिक म्हणाला, या हंगामात तिला घेऊन निघू, पावसाआधी जाऊन येऊ.”

“मग?”

“मग काय? मी नाही म्हणालो. म्हटलं, आमची ऑपरेटर घरची आहे. अजून एक वर्ष थांबू, पण तिच्याशिवाय बोट हलणार नाही.” तो पाणी प्यायला. “पक्कं काय ते तिला आज रात्रीपर्यंत कळवायचंय, दुसऱ्या एका बोटीवर तिला बोलावलंय म्हणे. जाऊ दे. तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस. पास होशील तेव्हा होशील.”

आबांनी पेपरचं पान उलटलं नाही. सुमित तिच्याकडं बघून हसत होता, कागद तपासताना हसायचा तसाच, सात चुकांचं कौतुक करणारं हसू. ते तिला बघवेना, तरी तिनं नजर काढून घेतली नाही.

“तिला हो म्हणून कळवा,” राजश्री म्हणाली.

“कुणाला? वैष्णवीला? अगं, पण का?”

“मला मोर्स येतं. दोन्ही वेळा सगळी अक्षरं ऐकू आली होती. मी चुकीची लिहिली. अहो, मी बोटीवर येणार नाही.”