उजवीकडून निघालेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे आणि स्वभावाने फार चौकस आहे. माझ्यावर कुणी लिहू लागले की पुढचे अक्षर कोणते येणार, हे कळायची मला घाई होते. लाकडी चौकट बसवून मला दुकानात ठेवले, तेव्हापासूनची ही खोड आहे.

१९७९ साली मी मुरुमजवळच्या एका खेड्यात आले. तिथल्या बुद्धविहारात बायकांसाठी प्रौढ शिक्षणाचा वर्ग भरत असे. मी सरुबाईंच्या वाट्याला आले. त्यांचे वय पंचेचाळीस. ‘ळ’ चुकला की त्या मलाच रागावत.

सरुबाई आणखी एक काम करत. बहात्तरच्या दुष्काळात सगळे गाव खडी फोडायला गेले असताना त्यांची सासू घरात एकटीच वारली. शेवटी तिने पाणी मागितले की नाही, हे कुणालाच कळले नाही. ते सरुबाईंच्या मनाला लागून राहिले. तेव्हापासून कुणी शेवटच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले की त्या जाऊन जवळ बसत. पुढे पुतळाबाई आणि कमलबाईही येऊ लागल्या. तिघी पाळ्या लावत, तोंड पुसत, कूस बदलून देत. याबद्दल त्यांना कुणी काही देत नसे आणि त्या मागतही नसत.

पुढच्या उन्हाळ्यात हणमंतप्पा असेच अंथरुणाला खिळले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. निजामाच्या राज्यात ते नळदुर्गच्या नाक्यावर कारकून होते. घशाच्या कॅन्सरने त्यांचा आवाज गेला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी ‘घरी न्या’ म्हणून सांगितले होते. पण हे आप्पांना कळू द्यायचे नाही, असे घरात ठरले होते. मुलगा शिवप्पा दूध सोसायटीचा सचिव. दोन्ही वेळचे दूध, मधे चाऱ्यासाठी धावपळ. “आप्पा, बरं हाय न्हवं?” असे दारातूनच विचारून तो निघून जायचा.

तिघींच्या पाळ्या आता आप्पांकडे लागल्या होत्या. एका सकाळी सरुबाईंनी मला आप्पांच्या हाती दिले. त्यांनी पेन्सिल धरली आणि मी चकितच झाले. ओळ उजवीकडून निघाली होती. आप्पा उर्दू शाळेत शिकलेले, त्यांचा हात त्याच लिपीचा. घरात, गावात कुणालाच ते वाचता येईना.

मग अंदाज सुरू झाले. पुतळाबाईंनी ताक आणले. कमलबाईंनी रेडिओ लावला. शेजाऱ्याने तर गाय दारात आणून उभी केली, आणि ती मान लांबवून माझी चौकट चाटू लागली. आप्पा नकारार्थी मान हलवत राहिले. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि पाणी गालावर ओघळले. मला फार वाईट वाटले. त्यांचे सगळे म्हणणे माझ्या अंगावर होते आणि मलाच ते वाचता येत नव्हते.

सरुबाई मला घेऊन मुरुमला निघाल्या. ऊन मी म्हणत होते. अक्षरे पुसली जाऊ नयेत म्हणून त्यांनी पदर खोचला होता आणि दीड कोस मला दोन्ही हातांत आडवे धरले होते. मुरुमला हरिबा नावाचे म्हातारे शिंपी होते, तेही उर्दू शाळेतले. त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली आणि मला मांडीवर ठेवले.

“काय मागत्यात आप्पा?” सरुबाईंनी विचारले.

“मागत न्हाईत, इचारत्यात. लिवलंय, समदे म्हनतात बरं व्हाल. मग पाळ्या लावून का बसता?”

सरुबाई तिथेच पायरीवर बसल्या. त्यांच्या येण्यावरूनच आप्पांनी सगळे ओळखले होते. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि हरिबांना सोबत घेऊन परत आल्या.

दारात ओळीचा अर्थ ऐकताच शिवप्पाने त्यांना अडवले. “मावशी, सांगू नगा. धीर सुटंल त्येंचा.”

“इचारलंय त्येंनी. म्या खोटं बोलून जवळ बसनार न्हाय,” सरुबाई म्हणाल्या. “नगं आसंल तर आत्ताच माघारी जाते.”

शिवप्पाने आतल्या अंथरुणाकडे पाहिले. मग तो बाजूला झाला.

सरुबाईंनी आप्पांचा हात धरला. “आप्पा, ह्यावर दवा न्हाय म्हनले डाक्टर. थोडे दिस हायेत. तुमाला एकलं वाटू नये म्हून आमी बसतो.”

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्याकडे बोट केले. सरुबाईंनी मला पदराने पुसले. आप्पांनी एक छोटी ओळ लिहिली. ती कळेपर्यंत मला दम निघेना. हरिबांनी ती वाचली आणि शिवप्पाकडे पाहिले.

“उद्याची पाळी शिवप्पाला द्या.”

शिवप्पा उंबऱ्यावर बसून रडला. दुसऱ्या दिवशी दुधाचे कॅन दुसऱ्या कुणीतरी नेले. आप्पा आणखी अकरा दिवस जगले आणि शिवप्पा रोज त्यांच्या उशाशी बसला. हरिबा वाचून दाखवायला येत. पुढे ते इतरांच्या घरीही पाळीला बसू लागले.

आता माझा एक कोपरा फुटला आहे आणि मी ट्रंकेत पडून असते. मित्रांनो, माझे एक ऐका. तुमच्या घरचे कुणी असे अंथरुणावर असेल तर जवळ बसा. ते काय विचारतात ते ऐका आणि खरे तेच सांगा. सरुबाईंसारख्या बायका मदतीला येतील, पण तुमची पाळी त्यांना घेता येत नाही.