ताटातली सावली

मित्रांनो, जेवणाच्या टेबलावर साखळीने टांगलेला मी एक जुना दिवा. राग आला की मला नीट बोलता येत नाही, शब्द मागेपुढे होतात. पण आज बोलतोच.

एका तांबटाने मला घडवले. तांब्याची टोपी ठोकून काढली आणि सगळा उजेड खाली यावा म्हणून तिला आतून पांढरा रंग दिला. या घरात मला टांगले तेव्हा घरातली सगळी माणसे आपापल्या खुर्चीत बसली होती. पुढ्यात रिकामी ताटे, वायरमन शिडीवर. आजी खालून सांगत होती, "अजून थोडा खाली घ्या. थांबा, थांबा! आता यांच्या डोळ्यांवर येतोय." ताट दिसावे, समोरच्याचा चेहरा दिसावा, पण बल्ब डोळ्यांत खुपू नये, एवढे जमेपर्यंत तिने त्या बिचाऱ्याला खाली उतरू दिले नाही.

पुढे वर्षानुवर्षे माझ्याखाली जेवणे झाली, गृहपाठ झाले, भांडणेही झाली. पाहुणे म्हणत, "इथे बसलं की उठावंसं वाटत नाही." त्यात माझाही थोडा वाटा असावा, असे मला उगीचच वाटे.

आजी गेली. काही काळाने तिच्या मुलाने घर नवे करायला काढले. रंगाचे डाग पडू नयेत म्हणून टेबल गॅलरीत नेले, आणि त्या रिकाम्या खोलीत सजावटकाराने छताचा मध्य मोजून, तिथे भोके पाडून नवे दिवे बसवले! टेबल कायम खिडकीच्या भिंतीला लागून असते, हे एकाच्याही लक्षात येऊ नये? मला काढून तिथल्याच कपाटावर ठेवले. टेबल जागेवर परत आले आणि उजेड पडला मोकळ्या फरशीवर. फरशी जेवणार होती काय?

आजोबांची खुर्ची खोलीकडे पाठ करून असते. नवा उजेड त्यांच्या पाठीमागून येई आणि त्यांच्याच डोक्याची सावली ताटात पडे. बाकीचे दोन्ही टोकांना बसत, त्यांना काहीच जाणवले नाही. आजोबांचा घास सांडू लागला. एकदा पेला लवंडला.

"बाबा, जरा बघून ना!" मुलगा म्हणाला.

"नंबर वाढला असेल," सूनबाई म्हणाली. चष्मा बदलला. सांडणे थांबले नाही.

"वयच झालं आता," आजोबा पुटपुटले.

मग एके दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं ताट खोलीतच आणून देत जाऊ का? निवांत जेवाल."

आजोबा म्हणाले, "बरं."

मित्रांनो, कपाटावर माझा नुसता जळफळाट झाला. ज्याने हे घर उभे केले त्याला त्याच्याच टेबलावरून उठवले, तेही छताला चुकीच्या जागी पाडलेल्या भोकांपायी!

काही दिवसांनी आजोबांची लेक राहायला आली. खुर्ची रिकामी दिसली म्हणून तिथेच बसली, आणि पहिलाच घास तिच्या मांडीवर सांडला.

"अरे दादा, हा काय उजेड म्हणायचा? माझंच डोकं माझ्या ताटात! इथे मांजरसुद्धा उपाशी उठेल."

तिला उठवून मुलगा त्या खुर्चीत बसला. त्याने ताटाकडे पाहिले, मग वर छताकडे. मग बंद दाराकडे. त्या दारापलीकडे आजोबा एकटे जेवत होते.

दुसऱ्या दिवशी मला टेबलाच्या वर, आजीने ठरवलेल्या उंचीवर टांगले. "बाबा, दिवा बदललाय. या जेवायला." एवढेच बोलून मुलाने वाढायला घेतले.

आता आजोबांच्या ताटाबाहेर शीतही पडत नाही. तरी ते दर दोन घासांनी ताटाभोवतीची स्वच्छ जागा पुसतात आणि सुनेकडे चोरून बघतात. मला ते बघवत नाही.

मित्रांनो, दिवा कुठे टांगायचा हे रिकाम्या खोलीला विचारू नका. कुणाचा हात चुकला, तर त्याला नावे ठेवण्याआधी त्याच्या जागी बसून बघा. उजेड देणे माझे काम, ते मी करतो आहे. पण "बाबा, चूक आमची होती," हे मुलानेच म्हणायला हवे. आणि ते त्याने अजून म्हटलेले नाही.