स्वयंपाकघराच्या बाजूला

हिरव्या लोकरीचा एक टाका सुईवरून निसटला होता, आणि तो नेमका कुठे, हे व्हर्नाला सापडत नव्हतं. मोजा टाचेपर्यंत आला होता... वाळवंटात लोकरीचे मोजे कशाला, असं शेजारच्या खुर्चीवरून लुसिलने विचारलं, तेव्हा व्हर्ना म्हणाली होती की तिथे रात्री हाडं गोठतात, तिकडे लढाईवर असलेला मुलगा ड्वाइटच सांगत होता. पोरगा असं काही बोलला नव्हता. रविवारी फोनवर तो बोलला ते निराळंच होतं – पण ते नको, आता टाका शोधायचा.

मार्चातला पहिला मंगळवार, गावसभेचा दिवस. सभागृहात ओल्या बुटांचा आणि मागच्या स्वयंपाकघरात शिजणाऱ्या बीन्सचा वास कोंदला होता. रस्त्यावरच्या खडीवरून सकाळभर भांडून झालं होतं, आगीच्या बंबाच्या टायरांनाही मंजुरी मिळाली होती, आणि सभेचं काम चालवणारा हिराम बील चष्मा पुसून पुढचा ठराव वाचत होता – व्हरमाँट राज्याने अमेरिकेतून बाहेर पडावं, असं या गावाचं म्हणणं आहे काय? मांडणार, ऑरिन टॅट्रो. म्हणजे तिचा नवरा. ज्या माणसाने आजवर गावसभेत जांभईपुरतंच तोंड उघडलं होतं, तो.

नोव्हेंबरात निकाल लागला, पोरांना लढाईवर धाडणारा माणूसच पुन्हा निवडून आला, तेव्हा ऑरिनने रेडिओ बंद केला आणि जेवण तसंच टाकून तो लाकडं फोडायला गेला. मग हिवाळाभर एकच धोशा. आपलं राज्य कधीकाळी चौदा वर्षं स्वतंत्र होतं, स्वतःची नाणी पाडत होतं, कुणाच्या दारात गेलं नव्हतं. आधी तिला हसू आलं, मग वाटलं, म्हातारचळ लागला. पुढे पुढे ती त्याच्याकडे नुसती बघत राही. पस्तीस वर्षं एका टेबलाशी जेवलेल्या माणसाच्या डोक्यात ही एवढी मोठी खोली कुठे होती, आणि आपण एकदाही तिचं दार कसं पाहिलं नाही – रागापेक्षा तिला याचंच नवल वाटे. मुलाचं नाव मात्र त्याच्या तोंडी येत नसे. जानेवारीत गावातून सह्या गोळा करून त्याने ठराव लावून घेतला, तेव्हाही नाही.

"काडीमोड घ्यायचा म्हणतोस, ऑरिन," हिराम म्हणाला, "पण पोटगी कुणी कुणाला द्यायची, ते आधी ठरवून आलायस ना?"

सभा खदखदून हसली. ऑरिन उठला. टोपी हातात, नजर जमिनीकडे. आता चौदा वर्षं आणि नाणी येणार म्हणून व्हर्नाने मान खाली घातली.

"मला इतिहासबितिहास नाही सांगायचा," तो म्हणाला. "नॅशनल गार्डची फौज राज्याची असते. राज्य बाहेर पडलं तर त्यांना आपली पोरं आपल्याला परत द्यावी लागतील. एवढंच."

आणि तो बसला.

कुणी हसलं नाही. व्हर्नाच्या हातातल्या सुया थांबल्या. हे होतं तर... ती नाणी, तो इतिहास, सगळा फापटपसारा या एका वाक्यावर पांघरूण म्हणून घातलेला होता, आणि हे वाक्य त्याने बायकोला न सांगता गावाला सांगितलं. तिला त्याची माया दाटून आली. पण रविवारचा फोन आत अडकलेला होता. आई, मी आणखी एक वर्ष थांबतोय. कुणी अडवलेलं नाही, मीच नाव दिलंय. बाबांना इतक्यात सांगू नकोस. तेव्हापासून ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. काय सांगू याला? की तू अख्खा देश मोडलास तरी पोरगा घरी यायचा नाही, कारण त्यालाच यायचं नाही?

हिरामने तोंडी मत विचारलं, तर हो आणि नाही, दोन्ही आवाज सारखेच आले. हिराम म्हणाला, उठा, पाय मोकळे करा – हो म्हणणारे स्टेजकडे, नाही म्हणणारे स्वयंपाकघराच्या बाजूला. खुर्च्या करकरल्या. लुसिल स्टेजकडे गेली. व्हर्नाही उठली, ऑरिनशेजारी जाऊन उभं राहायचं, यात विचार करण्यासारखं काय होतं? तरी तिला आतून उत्सुकता लागली होती, आपले पाय खरंच कुठे जातात याची... तेवढ्यात करपल्याचा वास आला, आणि दर वर्षी जातात तसे पाय स्वयंपाकघराकडे गेले. तिने जाळ बारीक केला, बीन्स ढवळले, आणि ती पळी घेऊन दारात आली, तर मोजणाऱ्या बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवून नाही म्हणणाऱ्यांतला आकडा पुकारलासुद्धा.

स्टेजकडची माणसं वळून बघायला लागली.

"व्हर्ना," हिराम म्हणाला, "तू तिथे मतासाठी आहेस, की बीन्ससाठी? बीन्ससाठी असशील तर ये इकडे, आकडा खोडू."

त्याने वाट करून दिली होती. एक शब्द बोलून सभागृह ओलांडायचं, की झालं. तिने ऑरिनकडे पाहिलं. ती ज्याला भीत होती ते त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. ना राग, ना धक्का. त्याने नुसती मान हलवली, सावकाश, ठाऊक असलेली गोष्ट कुणी पुन्हा सांगितली की तो हलवतो तशी.

तिला एकदम रविवार दिसला. फोन आधी ऑरिनने उचलला होता. बराच वेळ भिंतीकडे तोंड करून तो नुसता ऐकत होता, आणि मग काही न बोलता त्याने रिसीव्हर तिच्या हातात दिला होता. आई, मघापासून तुलाच सांगतोय, ऐकतेयस ना, असं पोरगा पलीकडून म्हणाला होता.

त्याला माहीत आहे. तिच्याआधीपासून. तो न्याहारीला गप्प, आपण गप्प, दोघं एकमेकांना जपत... मग आज तो उठला तरी कशासाठी? गार्डात भरती झालेल्या लुसिलच्या जुळ्या पोरांसाठी? माझ्यासाठी? की पोरगा येणार नाही हे कळूनही बापाने एकदा चारचौघांत मागावं, म्हणून?

"मोजलंय तसंच राहू दे," ती म्हणाली. पोराला यायचं नव्हतं, तर त्याच्या वतीनेही कुणीतरी इथे उभं राहायला हवं होतं.

दोन्हीकडची मोजणी पुढे सरकली. किती आकडा झाला, ठराव टिकला की पडला, तिचं लक्ष नव्हतं. नोव्हेंबरपासून छातीत बसलेली भीती तिने चाचपून पाहिली. ती होती, पण अंग चोरून एका कडेला बसली होती. बाकी सगळी जागा, आज तो उठला कशासाठी, या एका प्रश्नाने घेतली होती. जेवताना त्याला विचारायचं. तो काय सांगेल याचा तिला काडीचाही अंदाज येत नव्हता, आणि मधली माणसं कधी एकदा बाजूला होतात आणि त्याच्याजवळ जाऊन बसते, असं तिला झालं होतं.