कुशाबाकाकांची पाच मिनिटं

“कबड्डी आज आपल्यात नाही,” असं कुशाबाकाका म्हणाले आणि आख्खा वर्ग फुटला.

थांबा, नीट सांगते. कॉलेजात भाषणाचा तास होता, विषय ‘माझा आवडता खेळ’. निषाद सरांनी दोनच मिनिटं बोलायला सांगितलेलं. काका उठले, टेबलापाशी गेले, हात पुढे बांधले, मान खाली घातली आणि सुरूच झाले, “आदरणीय व्यासपीठ आणि इथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो. कबड्डी अतिशय मनमिळाऊ स्वभावाची होती. लहानथोरांत मिसळणारी होती. गावाच्या प्रत्येक सुखदुःखात कबड्डी धावून यायची. कबड्डी आज आपल्यात नाही. तिच्या जाण्यानं तालुक्यात जी पोकळी...”

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. ताम्हिणीचा राजू हसत हसत बाकाखाली गेला. मी पण हसले, खोटं कशाला बोलू. सरांनी फळ्याकडे तोंड केलं होतं, पण त्यांची पाठ हलत होती.

तर काका म्हणजे आमच्याच वर्गातले बरं का. वय चव्वेचाळीस. पौडच्या एसटी स्टँडसमोर त्यांचं केस कापायचं दुकान आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी झाले आणि यंदा थेट आमच्याबरोबर एफवायला. सकाळी कुणाचा दहावा असला की आधी नदीवर घाटावर जायचं, मुंडणं करायची, मग दुकान, मग कॉलेज. आणि आपल्याकडे दहावा म्हटलं की माईक आलाच! पिंडाला कावळा शिवला की पुढारी उठतात, एकामागून एक. तेवीस वर्षं काका त्या माईकपासून दहा हातांवर बसून हत्यारं धुतायत. दुसरं भाषण त्यांनी आयुष्यात ऐकलेलंच नाही. त्यामुळे तोंड उघडलं की श्रद्धांजली. ‘मोबाइलचे फायदे’ दिलं, तर मोबाइलच्या कुटुंबीयांना हे दुःख पेलण्याचं बळ मिळो. ‘पर्यटन’ दिलं, तर पर्यटनाच्या आत्म्याला चिरशांती. आम्ही तर तो तास कधी बुडवायचोच नाही, काकांसाठी.

त्या दिवशी हसणं ओसरल्यावर सर म्हणाले, “काका, तुमचा आवाज चांगला आहे. उभं राहणं चांगलं आहे. फक्त तेवढी श्रद्धांजली सोडा. दुसरं काहीही बोला.”

काका म्हणाले, “पर सर, मला तीच शिकायची हाय.”

परत हशा. सर पण हसले. काका नाही हसले. मला कसंतरीच झालं.

तास सुटल्यावर मी त्यांना स्टँडवर चहाच्या टपरीपाशी गाठलं. म्हटलं, “काका, असं का म्हणालात हो?”

“काय न्हाई गं दिशा. जा, तुजी गाडी जाईल.”

“जाऊ दे. दुसरी येईल.”

ते ग्लास हातात फिरवत बसले. मग म्हणाले, “माजा बाप ग्येला, दोन वर्सं झाली. चाळीस वर्सं त्यानं त्या घाटाव डोकी केली. त्याच्या दहाव्याला गाव जमलं, न्हाई म्हनायचं न्हाई. पर पुढारी येक बी न्हाई. त्याच दिशी पिरंगुटला मोठा दहावा व्हता, समदी तिकडं. माईकवाला इचारतोय, कोन बोलनार हाय? समदी येकमेकाच्या तोंडाकडं बगतायत. मग मीच उठलो.”

“मग?”

“‘आदरणीय’ म्हनलो. फुडलं समदं पाट हाय की मला. सामाजिक क्षेत्रातलं, राजकीय क्षेत्रातलं, सहकार क्षेत्रातलं. त्यातलं आबाला काय बसंना. माज्या बापाला क्षेत्रच न्हवतं, पोरी.”

समोरून माझी गाडी सुटली. सुटू दिली.

“हुबा ऱ्हायलो नुसता. जरा वेळानं माईकवाल्यानं वायर गुंडाळली. त्याची बी काय चूक न्हाई, त्याला फुडं जायाचं व्हतं.” त्यांनी चहा संपवला. “मग गिऱ्हाइकाच्या पोरानं सांगितलं, कालेजात भाशान शिकवत्यात, पयल्याच वर्साला. म्हनलं, जाऊ. लोकांम्होरं पाच मिनटं आबावर सरळ बोलायचं. येकदा. कुटं का आसंना. परीक्षेत तर परीक्षेत.”

म्हणजे बघा! आम्हाला वाटायचं, काकांना डिग्रीची हौस. आणि हा माणूस पाच मिनिटांसाठी कॉलेजला आलेला.

मग काय, मी लागले कामाला. सरांनी सांगूनच ठेवलं होतं की परीक्षेत ‘व्यक्तिपरिचय’ चालेल, पाच मिनिटं, विषय आपल्या आवडीचा. मी दोन दिवस बसून काकांना भाषण लिहून दिलं. काय लिहिलं होतं मी! ‘त्यांचे हात थकले, पण मन थकले नाही.’ ‘सेवेचा नंदादीप अखंड तेवत राहिला.’ वडिलांचं नाव तर मी अकरा वेळा घातलं होतं, मोजून. शाळेत निबंधात माझा पहिला नंबर यायचा ना, सगळं बाहेर काढलं.

सराव दुकानात. काका आरशात बघून बोलायचे आणि मी बाकावर कागद धरून बसायचे. एकदा राजू दाढीला बसला होता, अर्ध्या गालावर फेस.

“नंदादीप,” काका म्हणाले आणि हात वर गेला.

“काका, वस्तरा खाली ठेवा आधी!” राजू ओरडला. “माजाच नंदादीप इझवताल!”

“गप ऱ्हा रं. माजी लिंक तुटती.”

“दाढी तर पुरी करा. हितनं असा अर्धा जाऊ का घरी?”

आठवड्यात काकांचं सगळं पाठ. एक शब्द अडायचा नाही. मी तर खूश. पण राजूनं तोंड पुसता पुसता मला विचारलं, “दिशे, भाषण लई भारी हाय. पर ह्यात आबा कुटंय?”

मी म्हटलं, “तुला काय कळतंय?” भांडलेच मी त्याच्याशी. कारण मला पण ते दिसत होतं ना! काका बोलायचे घडाघडा, पण चेहरा कसा, घाटावर घड्याळ बघत बोलणाऱ्या पुढाऱ्यासारखा. मी त्यांना अजून एक श्रद्धांजलीच पाठ करून दिली होती. फक्त माझ्या अक्षरातली.

पण आता परीक्षा दोन दिवसांवर. बदलणार काय?

परीक्षेला पुण्याहून साधना मॅडम आल्या, बाहेरच्या परीक्षक. हॉलमध्ये माईक लावलेला. मॅडमनी आमची यादी बघितली आणि चष्मा वर केला. “व्यक्तिपरिचय? नको. सगळे पाठ करून येतात. चिठ्ठ्या काढू.” आणि स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या! निषाद सर काहीतरी बोलायला गेले, पण मॅडमनी डबा हलवायला सुरुवात पण केली होती.

काकांच्या चिठ्ठीत आलं, ‘तुम्हाला येणारे एखादे काम समजावून सांगा.’

मी पुटपुटले, “काका, गेलं हो सगळं.” मग म्हटलं, “असं करा, सुरुवातीला दोन वाक्यं कामाची बोला आणि मग हळूच आपलं घुसवा.” आणि माझा कागद त्यांच्या हातात कोंबला.

त्यांनी तो घडी घालून मला परत दिला. “ऱ्हाऊ दे.”

नाव पुकारलं. काका माईकपाशी गेले. हात बांधले नाहीत. ‘आदरणीय’ नाही, काही नाही.

“मी डोकं करतो,” ते म्हणाले. “म्हंजी दहाव्याचं मुंडण. त्ये कसं करायचं त्ये सांगतो.”

मागून कुणीतरी खिदळलं. काकांनी तिकडे बघितलं पण नाही.

“पयलं म्हंजी पानी. कोमट पायजे. नदीचं घ्यायचं न्हाई, थंडीत तर न्हाईच. घरनं किटलीत न्यायचं. आमचा आबा किटली घोंगडीत गुंडाळून न्यायचा. त्याला कुनी सांगितलं न्हवतं. म्हनायचा, आई मेलीया त्याची, वर आनि गार पानी कशाला.

“मग मानूस म्होरं बसतो. लगीच वस्तरा लावायचा न्हाई. आदी डोक्याव हात ठिवायचा. नुसता. आबानं मला वस्तरा हातात द्यायच्या आदी दोन वर्सं ह्येच शिकवलं. हात ठिवला की मानूस रडतो. धा दिस पावन्यारावळ्यांत त्याला रडाया घावल्यालं नसतं. त्यात थोरला आसला म्हंजी समद्यांचं त्यालाच बगायचं आसतं. रडला की डोकं हलतं. हलत्या डोक्याव वस्तरा ठिवायचा न्हाई. थांबायचं. गुरुजी घाई करत्यात, पावनी घाई करत्यात. करू द्यायची. आबा मान बी वर करायचा न्हाई. म्हनायचा, पानी निवलं, दुसरं घेतो. आनि किटलीपाशी जाऊन उगं बसायचा. लोकं म्हनायची, म्हातारा लई हळू झालाय.”

मागे खिदळणारा आता पुढे वाकून ऐकत होता.

“म्होरनं माघं यायचं. शेंडी ठिवायची. कानामागं कातडी वडून धरायची, तितं लई कवळी आसती. हात चालू आसताना गेल्याल्या मानसाचं काय बोलायचं न्हाई. इचारायचं, आवनी झाली का? रोपं लावून उरकली का? भात कंचा लावलाय? आबा म्हनायचा, त्याला कळू दे, अजून आवनी हाय म्हून.

“आबाच्या दहाव्याला मी दोनी भावांची डोकी केली. माजं कोन करनार? दुसरा कारागीर पिरंगुटला ग्येल्याला. मग धाकल्यानं केलं. त्यो हिंजवडीत कंपनीत हाय, त्यानं जल्मात वस्तरा धरला न्हाई. तीन ठिकानी कापलं मला. पर वस्तरा लावायच्या आदी त्यानं...”

काका थांबले. निषाद सरांच्या हातात घड्याळ चालू होतं. मी बाकाची कड धरून बसले होते. म्हटलं, आता ‘पोकळी’ येणार, नाहीतर काहीच येणार नाही.

“हात ठिवला,” काका म्हणाले. “त्याला कुनी शिकवलं न्हवतं. बगून बगून आलं आसंल. मी म्हनलं, थांब जरा. त्यो थांबला.”

मग त्यांनी घसा साफ केला.

“शेवटाला मानंवरचं क्यास कोरड्या फडक्यानं झाडायचं. झालं. येवडंच काम हाय.”

आणि येऊन माझ्या शेजारी बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवाव्यात असं वाटलंच नाही कुणाला. राजू खिडकीतून बाहेर बघत होता, बाहेर काहीच नव्हतं. मी कागदाची घडी अजून बारीक केली, अजून बारीक केली, शेवटी ती होईना.

साधना मॅडम लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या.

“नाव राहिलं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वडिलांचं. सांगितलंच नाहीत तुम्ही.”

काका बसल्या जागेवरून सांगू शकले असते. चार हातांवर तर होत्या मॅडम. पण ते उठले, बाकं ओलांडून परत पुढे गेले. सरांनी बंद केलेला माईक पुन्हा चालू केला.

“कोंडाजी,” काका म्हणाले. मग जरा थांबून, सावकाश, “कोंडाजी कुशाबा राऊत. ऱ्हानार पौड.”

आमच्या हॉलचा एक कर्णा बाहेर ग्राउंडच्या बाजूला पण आहे. तिकडे पोरं व्हॉलीबॉल खेळत होती. ती एकदम थांबली, आणि बॉल हातात धरून, कुणाला बोलावलंय ते बघायला दाराकडे वळली.