भाचीसाठी सोडलेलं टेंडर

नव्या धंदेवाल्यांना सरकार हात देतं, असं शिबिरात सांगणाऱ्याचं काय जातं? सांगून तो गेला आपल्या गाडीत बसून. हेलपाटे घालायला मागे राहिली समीक्षा.

खालापूरकडच्या गावात, घराच्या पडवीत तिची तीन शिलाई मशीनं. एकावर ती स्वतः, दुसऱ्यावर वाडीवरून चालत येणारी वनिता, आणि तिसरं बहुतेक झाकलेलंच. रसायनीच्या कंपनीतलं पॅकिंगचं काम सोडून तिनं हा धंदा मांडला होता. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, जे येईल ते. नवरा स्वप्नील वाईट नव्हता, पण तोही दमला होता. "दिवाळीपर्यंत बघ," म्हणाला होता, "नायतर परत कंपनीची बस धर. मी एकटा किती ओढू?" त्या बसचं नुसतं नाव निघालं तरी तिच्या नाकात कंपनीचा वास यायचा.

म्हणून सरकारी दवाखान्याच्या टेंडरवर ती डोळे लावून बसली होती. चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, वर्षभराचं काम. नव्यांना अनुभवाची अट माफ, अनामतही माफ. हे खरं होतं, खोटं कशाला बोला? पण ती माफी मिळवायला आधी उद्योगाचा दाखला, मग जीएसटी, मग ती पेनड्राइव्हसारखी दिसणारी डिजिटल सही. त्यात आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं. कर्जतला जा, अलिबागला जा. चपला झिजल्या, बाई! एकदाचं टेंडर भरून झालं तेव्हा तिनं वनिताला चहाबरोबर खारी खायला घातली होती.

आणि आज दवाखान्याच्या ऑफिसातला कारकून म्हणत होता, "रद्द झालं."

"माझं काय चुकलं?"

"तुमचं काय नाय चुकलं, ताई. कागद एकदम चोख हायेत. पण टेंडर तुमचं एकटीचंच आलं. तीन तरी लागतात, त्याशिवाय उघडतच नाय. परत काढलंय. या खेपेलाही तसंच झालं तर काम गेलं पुढल्या वर्षावर."

"एकटीचं कसं? खोपोलीचे पोपट टेलर दरवर्षी भरतात. कर्जतचा अक्षदाताईंचा गट भरतो."

"यंदा दोघांनी नाय भरलं."

पोपट टेलर म्हणजे समीक्षाचा सख्खा मामा. मागे एका हळदीत तिनंच मोठ्या हौसेनं त्याच्या कानावर घातलं होतं, की मामा, यंदा मीपण भरतेय हां. मामा नुसता हसला होता. तेव्हाच ओळखायला हवं होतं. ती तशीच बाहेर पडली आणि खोपोलीची रिक्षा धरली.

मामा दुकानात गळ्यात टेप अडकवून काजं करत होता. सुईत दोरा ओवायला तिला यानंच शिकवलं होतं.

"व्हय, नाय भरलं," मामा खुशीत म्हणाला. "भाचीच्या पुढ्यातलं ताट मी ओढू काय? तुझी आई वरून बघतेय. त्या अक्षदालाबी फोन केला. म्हटलं, पोरगी पयल्यांदाच उभी ऱ्हातेय, यंदा जाऊ दे तिला. बिचारी लगेच व्हय म्हणाली. मिळालं ना काम?"

कप्पाळ मिळालं! समीक्षाला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. वैऱ्यानं पाडलं असतं तर चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. तिनं कसंबसं सगळं सांगितलं.

मामाचा चेहरा उतरला. "हा कसला नेम? घरच्याच माणसाविरुद्ध बोली लावायची? बरं, असं करू. आमी भरतो, पण दर चढा टाकतो. नुसतं नावाला."

"नावाला नको. पकडलं तर सगळेच काळ्या यादीत जाऊ. आणि मला तसलं मिळवायचंच नाय, मामा. भरायचं तर खरा दर टाका."

"खरा टाकला तर मीच पहिला येईन गं." मामाचा आवाज खाली आला. "भिवंडीवरनं मी गठ्ठ्यानं कापड उचलतो. तुला तो भाव कोण देणार?"

हे तिला काय ठाऊक नव्हतं? इकडे आड, तिकडे विहीर. मामानं भरलं नाही तर काम नक्की जाणार, भरलं तर बहुतेक जाणार. "टाका," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं आपला दर पुन्हा काढला. स्वतःची मजुरी जवळजवळ सोडलीच. वनिताची मात्र कापवेना.

टेंडर उघडलं. या खेपेला तीन आली. अक्षदाताई तिसऱ्या, समीक्षा दुसरी, पहिले पोपट टेलर. फरक म्हणाल तर चादरीमागं एका चहाचे पैसे.

संध्याकाळी मामा आला आणि पडवीच्या पायरीवरच बसला. हातात नेहमीसारखी घरून भरून आणलेली पाण्याची बाटली. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही हा जुना नेम, आणि भाची म्हणजे लेकच. समीक्षाच्या लग्नापासून त्यानं तो कधी मोडला नव्हता.

"मी माघार घेतो," तो म्हणाला.

"तुमची अनामत जाईल. वर बंदी घालतील. आणि तरी काम मला नाय मिळणार, परत रद्दच होईल."

"मग निम्म्या चादरी तुझ्याकडं शिवायला टाकतो."

"दुसऱ्याला काम द्यायचं नाय, अशी अट हाय. मी वाचलंय सगळं, मामा. एकेक ओळ."

वनितानं मशीन थांबवलं होतं. "ताई, मंग उद्या मी येऊ का नको?" तिनं विचारलं.

समीक्षाला तिच्याकडं बघवेना. "हातातले गणवेश पुरे करू," ती म्हणाली. "सोमवारपासून मी बस धरते."

मग ती आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून तिनं मामापुढं ठेवलं.

"अगं, लेकीच्या घरचं..."

"माझ्या ताटातलं तर आलंच ना तुमच्याकडं? आता पाण्यानं काय बाटतंय?"

तिला असं बोलायचं नव्हतं. दिवसभराचा शीण होता, निघून गेलं तोंडातून. मामानं दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि घटाघटा सगळा रिकामा केला. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"अजून दे गं," तो म्हणाला.

समीक्षानं तांब्या उचलला आणि ती परत पाणी आणायला आत गेली.