नांगर टाकलेली बस

बस बुडाली. भर दुपारी, सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या एका थांब्यावर, सगळ्या उतारूंसकट, एक बुडबुडासुद्धा न काढता.

असं काही झालं नाही. झालं ते एवढंच, की प्रबोध तांडेलने हँडब्रेक ओढला, दोन्ही दारं उघडली आणि इंजिन बंद केलं.

समोरच्या स्क्रीनवर कंट्रोल रूमचा निरोप होता : थांबून राहा. पुढची बस फार जवळ आली होती, मधलं अंतर वाढू द्यायचं होतं. असे निरोप दिवसभर येतात. थांबा. निघा. हळू चालवा. उशीर का झाला? अशा वेळी बाकीचे चालक इंजिन चालू ठेवतात, पाय ब्रेकवर ठेवतात आणि निघायचा निरोप येण्याआधीच मनाने पुढच्या थांब्यावर पोचलेले असतात. प्रबोधने चावी फिरवली आणि हात मांडीवर ठेवले.

जहाजावर असंच असतं. मुरुडच्या या माणसाने उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली होती. वर ब्रिजवरून, जिथून जहाज हाकतात तिथून, हुकूम येतो, खालचा इंजिनियर तोच हुकूम परत म्हणून दाखवतो, आणि पुढचा येईपर्यंत यंत्राला बोट लावत नाही. मग त्याला तास लागो की आठवडा. ‘थांबा’ म्हणजे नांगर पडला. का पडला, हे विचारायचं नसतं. इंजिनरूमला खिडकीच नसते, विचारून दिसणार काय?

सिंगापुरात बसचालकाला कॅप्टन म्हणतात. समुद्रावर इतकी वर्षं घासून जे जमलं नाही, ते प्रबोधला जमिनीवर काही आठवड्यांच्या प्रशिक्षणात जमलं. जहाज सोड असं बायकोने, सुलेखाने, त्याला कधी म्हटलं नव्हतं. तिने फक्त मुलीचा, इराचा, शाळेतला निबंध त्याच्यापुढे सरकवला होता. विषय होता, माझे बाबा. इराने लिहिलं होतं, माझे बाबा एअरपोर्टवर राहतात. मग तो सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागला. यार्डातलं काम संपलं तसा बसवर आला. आता रोज घरी येतो. आल्यावर पंख्याखाली बसून गुडघ्यांकडे बघतो.

“बाबा, तुझा हात का व्हायब्रेट होतोय, लाह?” परवा इराने जेवताना इथल्या मुलांच्या लकबीत विचारलं होतं.

“स्टीअरिंगचा आहे तो. उतरेल.”

सुलेखाने त्याच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण हुंगून पाहिलं होतं. बाटली रोज रिकामी परत यायची, ते खरं. पण ती घराखालच्या जास्वंदीला पाजलेली असायची. ड्युटीवर प्रबोध पाणी पीत नसे. पाणी प्यायलं की ते उतरवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मागची बस पुढे येते, स्क्रीन टुणटुण करते, उतारू घड्याळं दाखवतात. वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी विचारलं होतं, झोप? लागते. भूक? आहे. ताण? नाही. कस्टमवाल्यापुढे सामान उघडायची वेळ आली की माणूस जसा चेहरा करतो, तसा चेहरा करून तो उठला होता.

पाणी दिसायला लागलं ते त्यानंतर. पाणी न पिणाऱ्याला सगळीकडे पाणी दिसावं, यात तसं नवल नव्हतं. आधी नुसती रस्त्यावर चमक यायची. मग फुटपाथच्या कडेला हिरवट लाट यायची, चाकं चाटून परत जायची. अलीकडे तर दोन थांब्यांमधला रस्ता पाण्याखालीच असायचा. बस तरंगत पुढच्या थांब्याला लागायची, वेळेवर. मधलं काही आठवायचं नाही. प्रबोधने याचा हिशेब मनाशी लावून टाकला होता. जन्मभर समुद्रावर असून त्याने समुद्र पाहिला होता फक्त सुट्टीच्या दिवशी, डेकवर. राहिलेला आता हप्त्याहप्त्याने येत असावा.

आज तो पुरा आला होता. थांब्याच्या पुढचं वळण, सिग्नलचा खांब, सायकलींचा घोळका, सगळं संथ हिरव्या पाण्यात उभं होतं. बाराव्या मजल्यापासून खालपर्यंत बांबूंवर कपडे वाळत होते. राहत्या इमारतींचे ब्लॉकच्या ब्लॉक निशाणं फडकवत नांगरावर डुलत होते. उघड्या दारातून वारा आला. त्याला खारा वास होता, निदान प्रबोधला आला.

मधल्या सीटवरची आंटी भाजीची पिशवी सांभाळत पुढे आली.

“अंकल, बस स्पॉइल आह?”

“नाही, आंटी. हुकुमाची वाट बघतोय.”

“कुणाच्या?”

प्रबोधने वर बोट दाखवलं. जहाजावर ब्रिज वरच असतो. आंटीने छताकडे पाहिलं, समजून मान हलवली आणि जागेवर जाऊन डोळे मिटले. मागे कुजबुज झाली. मग एकेक जण पेंगू लागला. एसी बंद असूनही कुणी तक्रार केली नाही. वरच्याची तक्रार करायचा नंबर बसमध्ये लावलेला नसतो.

आरशात प्रबोधला झोपलेली बस दिसत होती. एका तरुणाच्या हातातून फोन गळून मांडीवर पडला होता, आणि फोनही झोपला होता. प्रबोधच्या छातीत महिनोन्‌महिने चालू असलेलं काहीतरी हळूच बंद पडलं. त्याचा आवाज इतका मोठा होता, हे त्याला आत्ता कळलं.

रेडिओ खरखरला.

“कॅप्टन तांडेल, ब्रो, तू अजून तिथेच?” कंट्रोल रूममधला फैझल होता. प्रबोधने त्याला कधी पाहिलं नव्हतं. रोजचा आवाज तेवढा ओळखीचा. “तुला कधीच सोडलंय मी. स्क्रीन बघ ना.”

प्रबोधने स्क्रीनकडे पाहिलं. ती काळी होती. इंजिन बंद केलं की तीही झोपते. त्याने चावी फिरवली तशी ती जागी झाली आणि एकाखाली एक निरोप ओतू लागली : निघा. निघा. निघा. उशीर का झाला?

“इंजिन का बंद केलंस? आता मला नोंदीत उशिराचं कारण टाकावं लागेल,” फैझल म्हणाला. “टेक्निकल टाकतो. तू नीघ. कुणी विचारणार नाही.”

“आणि दुसरं काय टाकता येतं?”

“दुसरं मेडिकल. ते नको, ब्रो. मेडिकल टाकलं की उद्यापासून गाडी नाही. डॉक्टर, रिपोर्ट, परत डॉक्टर. लायसन्स परत मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही. टेक्निकल ना?”

प्रबोधने गिअरवर हात ठेवला. समोर पाणी तसंच होतं, आरशासारखं, सुंदर. रोजच्यासारखं त्यावरून तरंगत जाता आलं असतं. पुढच्या थांब्याला बस आपोआप लागली असती. आजवर लागलीच होती. पण तो प्रथमच इतका वेळ एका जागी थांबून त्या पाण्याकडे बघत होता, आणि त्याला एक साधी गोष्ट सुचली. त्या पाण्याखाली झेब्रा क्रॉसिंग आहे. त्यावरून लोक चालतात.

त्याने हात काढून घेतला.

“मेडिकल टाक.”

“नीट विचार केलास?”

“मला रस्ता दिसत नाहीये, फैझल. बरेच दिवस झाले. पाणी दिसतं.”

पलीकडे कंट्रोल रूमचे बाकीचे आवाज ऐकू येत होते. कुणी कुणाला हळू चालवायला सांगत होतं, कुणाला उशिराचं कारण विचारत होतं. मग रेडिओ एकदम जवळ आल्यासारखा झाला. फैझलने तोंडावर हात धरला असावा.

“कुठल्या बाजूने येतं?”

“काय?”

“पाणी. मी चालवायचो ना, इथे खुर्चीवर यायच्या आधी. माझ्याकडे डावीकडून यायचं. दारातून. आधी मॅट ओली व्हायची.”

प्रबोधने दाराकडे पाहिलं. पायरी कोरडी होती.

“मग तू काय टाकलंस?” त्याने विचारलं.

“टेक्निकल,” फैझल म्हणाला. “दरवेळी.” आणि मग नेहमीच्या मोठ्या आवाजात, “बदली कॅप्टन निघालाय. तू सीटवरून ऊठ, मागे जाऊन बस. पाणी पी. चालकाची काही विनंती? हे विचारावंच लागतं, कुणी काही सांगत नसतं.”

प्रबोधने बाटली उघडली, अर्धी एका दमात संपवली. मागे आंटी घोरत होती.

“आहे,” तो म्हणाला. “लिहून घे. सर्व संबंधितांस विनंती, की या मार्गावरच्या प्रत्येक थांब्यावर, बसच्या वेळापत्रकाशेजारी, भरती-ओहोटीचं वेळापत्रकही लावण्यात यावं. आणि भरतीच्या काळात, पाणी पूर्ण उतरेपर्यंत, कोणत्याही चालकास उशिराचं कारण विचारण्यात येऊ नये.”